औंधची टेकडी

आपल्या बेळगावचा औंधशी जुना ऋणानुबंध आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना येथून कारखाना हलवावा लागला, तेव्हा १९१० साली कुंडलच्या माळावर त्यांना जागा दिली ती औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी.

त्याच भवानरावांनी १९३८ साली, यमाईच्या मूळपीठाकडे जाणाऱ्या डोंगराच्या उतारावर श्रीभवानी संग्रहालय व ग्रंथालय उभारले. औंध हे सातारा जिल्ह्यातील अवर्षणग्रस्त खटाव तालुक्याचे गाव. संस्थान अवघे ७२ खेड्यांचे. तेथे आज रविवर्म्याची मूळ चित्रे आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे ‘माता आणि बालक’ हे पाषाणशिल्पही आहे. हा संग्रह मुंबईस असता तर अधिक लोकांनी पाहिला असता, हे मान्य. परंतु देवीच्या दर्शनास निघालेला कुणबी वाटेत तो पाहतो, याचे मोल मला अधिक वाटते. राजेसाहेब स्वतः चित्रकार आणि कीर्तनकारही होते. ऐकणारा समाज आणि पाहणारा समाज त्यांच्या लेखी एकच असावा.

पुढच्याच वर्षी, १९३९ साली, महात्मा गांधींच्या सल्ल्याने त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविला. इतिहासाची पुस्तके ही घटना सांगतात, संग्रहालय मात्र कलेच्या प्रकरणात ढकलतात. मला ही फारकत पटत नाही. चित्रे आणि सत्ता, दोन्ही त्या गृहस्थाने गावालाच दिली.

आपल्या मुलांच्या सहली मोठ्या शहरांकडे जातात. किर्लोस्करवाडी पाहून पुढे औंधलाही त्यांना नेता येईल.