भोपळ्यावरचा पहिला छेद

हात बसेपर्यंत नवशिक्याकडून चुका होणारच. शिंप्याच्या चुका चिंधी सोसते, सुताराच्या चुका लाकूड. शल्यवैद्याच्या चुका कोणी सोसायच्या?

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय याच प्रश्नावर आहे. त्याचं नाव ‘योग्यासूत्रीय’. योग्या म्हणजे सराव. छेद घ्यायला शिकायचं ते भोपळा, कलिंगड, काकडीवर. पाण्याचिखलानं भरलेल्या कातडी पिशव्या फोडून पाहायच्या. शीर वेधायची ती मेलेल्या जनावराची किंवा कमळाच्या देठाची. शलाका घालून माग काढायचा तो किडीनं पोखरलेल्या लाकडात. टाके घालायचे घट्ट विणीच्या कापडाला, पट्ट्या बांधायच्या माणसाच्या पुतळ्याला. कितीही शास्त्र ऐकलेलं असो, योग्या केली नसेल तर तो कामाला अयोग्यच, असं हा ग्रंथ बजावतो. मी शब्दांत रमणारा माणूस. हा श्लेष मला फार आवडतो.

अब्बासी खलिफांच्या काळात ही संहिता अरबीत गेली. पुढे बाराव्या शतकात, दूर स्पेनमध्ये, सेव्हिलच्या इब्न झुहर यांनी श्वासनलिकेला छेद देण्याचा प्रयोग एका शेळीवर केला. जखम भरते, शेळी जगते, हे त्यांनी लिहून ठेवलं. काळजी तीच होती.

विसाव्या शतकात मात्र शल्यविद्येत एक मंत्र रूढ झाला : एकदा पाहा, एकदा करा, एकदा शिकवा. यातलं ‘एकदा करा’ कोणाच्या अंगावर? बहुतेकदा ज्याला डॉक्टर निवडणं परवडत नाही, त्याच्या.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस दुर्बिणीनं पित्ताशय काढण्याची पद्धत पसरली आणि हा मंत्र अपुरा पडला. इथं नजर पडद्यावर असते. हात डावीकडे नेला तर आतलं अवजार उजवीकडे जातं. २००२मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १६ शिकाऊ शल्यविशारदांपैकी निम्म्यांना आधी संगणकावरच्या आभासी शस्त्रक्रियेचा सराव दिला होता. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत पित्ताशय सोडवण्याचं काम त्यांनी २९ टक्के अधिक वेगानं केलं. सराव न मिळालेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलताच भाग भाजण्याची शक्यता पाचपट होती.

यंत्राला वेदना नसतात, भीती नसते. रुग्णाचा हात हातात घेणं ते शिकवणार नाही. पण पहिली चूक ते स्वतःवर घेतं. अशी यंत्रं महाग असतात, हे खरं. भोपळा तर महाग नाही ना?