रोपांच्या ट्रेची जाडी आणि प्रकाशाचे मोजमाप

चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत रोपवाटिकेचा ट्रे ही आता सर्वपरिचित वस्तू आहे. मिरची, टोमॅटो, वांगी यांची रोपे वाफ्याबरोबरच कोकोपीट भरलेल्या ‘प्रो-ट्रे’मध्येही वाढविली जातात. ट्रे उचलताना खळग्याचा तळ फाटला, तर रोपाची मुळे उघडी पडतात आणि प्लास्टिकचे तुकडे शेतात व रानाच्या कडेला साचतात. ट्रे किती हंगाम टिकेल, हे त्याच्या सर्वांत पातळ जागेवर ठरते आणि नेमकी तीच जागा मोजण्यास अवघड असते.

जाडी कमी का होते?

असे ट्रे ‘थर्मोफॉर्मिंग’ पद्धतीने तयार होतात. प्लास्टिकचा सपाट पत्रा तापवून मऊ करतात आणि हवा काढून घेऊन तो साच्यात ओढतात. पत्र्याचे प्लास्टिक तेवढेच राहते. पृष्ठभाग मात्र वाढतो. 40 मिलिमीटर लांबी, रुंदी व खोली असलेला चौकोनी, उभ्या भिंतींचा खळगा घ्या. त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ 1,600 चौरस मिलिमीटर, तर चार भिंती व तळ मिळून 8,000. म्हणजे 1 मिलिमीटरच्या पत्र्याची सरासरी जाडी तेथे 0.2 मिलिमीटर, अर्थात 200 मायक्रॉन उरते. साच्याला सर्वांत शेवटी टेकणारे तळाचे कोपरे त्याहूनही पातळ होतात.

प्रकाश जाडी कशी सांगतो?

व्हर्निअर किंवा स्क्रू गेजने अरुंद कोपरा मोजायचा, तर बहुधा वस्तू कापावी लागते. पारदर्शक वस्तूच्या बाबतीत प्रकाश हे काम न कापता करतो. प्रकाशकिरण भिंतीवर पडला की त्याचा काही भाग पुढच्या पृष्ठभागावरून, तर काही मागच्या पृष्ठभागावरून परततो. या दोन परावर्तनांच्या स्थानांतील फरकावरून जाडी काढता येते. एका पद्धतीत पांढऱ्या प्रकाशातील प्रत्येक रंग भिंगापासून वेगवेगळ्या अंतरावर केंद्रित केला जातो. कोणते दोन रंग ठळकपणे परतले, यावरून दोन्ही पृष्ठभागांची अंतरे कळतात.

मात्र प्लास्टिकमध्ये शिरताना प्रकाश वाकतो; त्यामुळे भिंत आहे त्यापेक्षा पातळ भासते. किरण सरळ पडत असेल, तर भासमान जाडीला अपवर्तनांकाने गुणावे लागते. पॉलिस्टायरीनचा अपवर्तनांक सुमारे 1.59, पॉलिप्रॉपिलीनचा सुमारे 1.49. भासमान जाडी 0.40 मिलिमीटर आली, तर खरी जाडी पहिल्यात सुमारे 0.64, तर दुसऱ्यात सुमारे 0.60 मिलिमीटर असते. प्लास्टिक ओळखण्यात चूक झाली, की मोजमापही चुकते.

काळ्या ट्रेचे काय?

रोपवाटिकेतील ट्रे बहुधा काळे असतात आणि त्यांतून प्रकाश आरपार जात नाही. अशा वेळी दोन्ही बाजूंना एकेक लेसर संवेदक बसवून, त्यांच्यातील ठरावीक अंतरातून दोन्ही मोजलेली अंतरे वजा करतात. सपाट पत्र्यासाठी ही पद्धत सोयीची. खोल खळग्यात मात्र संवेदक पोहोचत नाही. तेथे आत छोटी पोलादी गोळी आणि बाहेर चुंबकीय मापक वापरणे अधिक व्यवहार्य ठरते.

एकच आकडा अपुरा

प्लास्टिकच्या कॅरिबॅगसाठी देशात किमान जाडी 30 सप्टेंबर 2021 पासून 75, तर 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉन करण्यात आली. पिशवीची फिल्म बरीचशी एकसारखी असल्याने तेथे एक आकडा चालतो. साच्यातून घडविलेल्या वस्तूला तो पुरत नाही. ट्रे घेताना सांगितलेली जाडी मूळ पत्र्याची की तयार खळग्याच्या तळाची, हे विचारणे ग्राहकाच्या हिताचे आहे.

प्लास्टिक प्रक्रिया व चाचणीचे प्रशिक्षण देणाऱ्या ‘सिपेट’ या 1968 मध्ये मद्रास (आताचे चेन्नई) येथे सुरू झालेल्या केंद्रीय संस्थेचे केंद्र चंद्रपुरातही आहे. हे मोजमाप जाणणारे तंत्रज्ञ या भागातच तयार झाले, तर ट्रे शेतात फाटण्याआधी त्याचा दोष कारखान्यातच पकडता येईल.