दोन देशांचा माणूस

आपल्यापैकी पुष्कळांचे मुलगे-मुली आज अमेरिकेत आहेत, म्हणून ही आयर्लंडची गोष्ट सांगतो.

1867 सालच्या शरद ऋतूत डब्लिनच्या न्यायालयात जॉन वॉरन नावाचा मनुष्य राजद्रोहाच्या आरोपावरून उभा होता. जन्माने आयरिश, पण अमेरिकेत जाऊन तिथला रीतसर नागरिक झालेला, आणि तिथल्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेला. आयर्लंड स्वतंत्र करू पाहणाऱ्या फिनियन मंडळींचे शस्त्रांनी भरलेले एक जहाज न्यूयॉर्कहून निघाले, त्यात तो होता. शस्त्रे उतरलीच नाहीत; माणसे मात्र किनाऱ्यावर पाय ठेवताच पकडली गेली.

इंग्लंडात चौदाव्या शतकापासून एक चमत्कारिक पण उदार नियम होता: आरोपी परका असेल, तर निम्मे पंच परके असावेत. वॉरनने तोच हक्क मागितला. न्यायाधीश पिगॉट यांनी तो नाकारला. राणीच्या राज्यात जन्मला तो राणीचा प्रजाजन, आणि हे नाते त्याला एकट्याला तोडता येत नाही, असा तेव्हाचा इंग्रजी कायदा. यात नुसता पंचांचा प्रश्न नव्हता. मार्चमधल्या उठावाच्या वेळी वॉरन अमेरिकेत होता. तो परका ठरता, तर तिथल्या कृत्यांचा जाब डब्लिनला विचारताच आला नसता. वॉरनने आपल्या वकिलांना बाजूला केले आणि आपला खटला अमेरिकेच्या सरकारवर सोपवला. लंडनमधले अमेरिकेचे वकील चार्ल्स फ्रान्सिस अॅडम्स यांना खलित्यांपलीकडे फारसे काही करता येईना. वॉरनला पंधरा वर्षांची सक्तमजुरी झाली. त्याच जहाजातला नेगल अमेरिकेत जन्मलेला. त्याला मात्र निम्मे परके पंच मिळाले, पंचांत एकमत झाले नाही, आणि शिक्षा टळली. गुन्हा तोच, जहाज तेच. फरक काय तो पाळण्याचा!

अमेरिकेत या निकालाने गहजब झाला. 1868 च्या जुलैत अमेरिकन काँग्रेसने कायदा करून नागरिकत्व सोडणे हा मनुष्याचा हक्क ठरवला. 1870 मध्ये इंग्लंडनेही नमते घेतले. निम्म्या परक्या पंचांची प्रथाही त्याच वर्षी गेली. वॉरन त्याआधीच, 1869 साली, सुटला होता.

पण इंग्लंडने मान्य केले ते एवढेच, की दुसरे नागरिकत्व घेतले की पहिले जाते. ज्याच्यापाशी दोन्ही उरतात, त्याचे काय? 1930 च्या हेग कराराने सांगितले, की अशा माणसासाठी एका देशाने दुसऱ्या देशाविरुद्ध संरक्षण देऊ नये. 1963 च्या व्हिएन्ना कराराने अटकेतल्या परदेशस्थाला आपल्या देशाच्या वाणिज्यदूताला भेटण्याचा हक्क दिला. पण ज्या देशाच्या तुरुंगात तो आहे तोच देश त्याला आपला म्हणत असेल, तर तो परदेशस्थ कसला? पुष्कळदा दूताला दारावरूनच परत पाठवतात.

आपल्या कायद्याने ही दुहेरी गाठ बांधूच दिलेली नाही. परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे संपते. 2005 नंतर पुष्कळांनी घेतलेले 'ओसीआय' कार्ड नावाने नागरिकत्वाचे असले, तरी कायद्याने ते नागरिकत्व नव्हे. तेव्हा तुमचा अमेरिकन झालेला नातू पुण्यात पकडला गेलाच, तर तो परका ठरेल, आणि त्याच्यासाठी मुंबईहून अमेरिकन वकिलातीचा माणूस येऊ शकेल. वॉरनला डब्लिनमध्ये जे सिद्ध करता आले नाही, ते या नातवाला सिद्ध करावेच लागणार नाही.