पूल ओलांडण्यासाठी की थांबण्यासाठी? आळंदी ते नातेपुते, वारीच्या वाटेवरील पुलांची कथा

१/ आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटण आणि बरड मागे टाकून धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते आणि नातेपुत्याला मुक्कामी येते. या वाटेवर अनेक नद्या लागतात. त्यांपैकी पुण्यातील मुठा आणि पुढची नीरा यांवरील पूल एक जुना प्रश्न समोर ठेवतात : पूल हा रस्त्याचा तुकडा आहे, की लोकांची जागा?

२/ आरंभ पुण्यातील लकडी पुलापासून. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. त्या संहारातून परतणाऱ्या सैनिकांना गाजावाजा न होता शहरात येता यावे, यासाठी नानासाहेब पेशव्यांच्या आज्ञेने मुठेवर घाईने लाकडी पूल उभारला गेला, असे परंपरा सांगते. त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर नानासाहेबांचे निधन झाले.

३/ लाकूड गेले, त्या जागी दगड आला. अधिकृत नाव संभाजी पूल झाले. पुणेकरांच्या तोंडी मात्र आजही ‘लकडी पूल’च आहे. या पुलावर ना नक्षी, ना शिल्प. तरीही शहराच्या सामूहिक जीवनात त्याला जे स्थान आहे, ते फार थोड्या देखण्या वास्तूंच्या वाट्याला येते.

४/ याचे कारण पावले. ज्ञानेश्वर महाराज आणि तुकाराम महाराज या दोघांच्याही पालख्या पुण्यात येताना याच पुलावरून लक्ष्मी रस्त्याकडे वळतात. अनंत चतुर्दशीला विसर्जन मिरवणुकीतील मंडळांचे रथ अलका चौकातून याच पुलावर येतात. हा पूल कलादालन म्हणून कोणी बांधला नाही; लोकांच्या वहिवाटीने तो रंगमंच झाला.

५/ आता वारीची वाट थोडी सोडून, शहराच्या दुसऱ्या टोकाला मुळा-मुठेवर जाऊ. येथे एकोणिसाव्या शतकात नेमके उलटे घडले. पूल देखणा व्हावा, लोकांनी तेथे यावे आणि पाहावे, हे आधी ठरले. बांधकाम नंतर झाले. हा फिट्झजेराल्ड पूल, म्हणजेच बंड गार्डन पूल.

६/ पुणे ही तेव्हा मुंबई इलाख्याची पावसाळी राजधानी होती. जमशेटजी जीजीभॉय यांच्या मोठ्या देणगीतून नदीवर बंधारा बांधला गेला होता. या बंधाऱ्यावरून, म्हणजे ‘बंड’वरून, बागेला नाव मिळाले. १८६७ ते १८७२ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर सीमोर फिट्झजेराल्ड यांचे नाव पुलाला देण्यात आले. रॉयल इंजिनिअर्सचे कॅप्टन रॉबर्ट सेलन हे त्याचे रचनाकार.

७/ दगडी कमानींची ओळ आणि चार टोकांना चार सिंह. पंजाखाली गोळा धरलेले हे सिंह ‘मेदिची सिंह’ या इटालियन नमुन्याचे आहेत. मूळ जोडी रोमच्या व्हिला मेदिचीमध्ये होती. आज ती फ्लॉरेन्समध्ये आहे. तिच्यातील एक सिंह प्राचीन रोमन, तर दुसरा सोळाव्या शतकाच्या अखेरीस शिल्पकार फ्लामिनिओ वाक्का याने घडवलेला. रेनेसांसच्या एका बागेतील प्रतिमा अशी मुळा-मुठेच्या काठी पोहोचली.

८/ हे सौंदर्य मात्र निर्हेतुक नव्हते. बंधाऱ्याने अडवलेले पाणी, काठावरची बाग, पलीकडे जाणारा शोभिवंत पूल आणि त्यावर गव्हर्नरचे नाव : सत्ता कशी दिसावी याचाच हा आराखडा होता. सार्वजनिक कला पाहताना ‘ही कोणासाठी?’ हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही.

९/ १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले. त्या प्रलयातून हा पूल टिकून राहिला. पुढे शेजारी नवे पूल झाले, जुन्यावरील वाहतूक थांबली आणि पुणे महानगरपालिकेने त्याचे रूपांतर ‘आर्ट प्लाझा’त, म्हणजे कलेसाठीच्या खुल्या जागेत केले. पाडण्याऐवजी पुन्हा वापरात आणलेला पूल म्हणून महाराष्ट्रात हे उदाहरण महत्त्वाचे आहे.

१०/ ही कल्पना नवी नाही. इराणमधील इस्फहान येथे इ. स. १६५० च्या सुमारास शाह अब्बास दुसरा याने जायंदेह नदीवर खाजू पूल बांधला. तो पूलही आहे आणि बंधाराही. मध्यभागी बसण्यासाठी मंडप आहे, पाण्यालगत उतरत्या पायऱ्या आहेत. मंडप शाहसाठी होता. आज त्याच पुलाच्या कमानींखाली सामान्य नागरिक संध्याकाळी गायला जमतात. राजाची जागा लोकांची होऊ शकते. मात्र बसायला पायरी आधीच बांधलेली असावी लागते.

११/ पायरी नसेल, तर लोक स्वतःच जागा शोधतात. पुण्यातील काकासाहेब गाडगीळ पूल आकारामुळे ‘झेड ब्रिज’ म्हणून ओळखला जातो. तो दुचाकींसाठी आहे. तरीही संध्याकाळी गाड्या कडेला लावून तरुण-तरुणी कठड्यापाशी गप्पा मारत बसतात. रचनेने न दिलेली जागा त्यांनी वापराने मिळवली.

१२/ रचना आणि वहिवाट यांची उघड टक्कर झाली ती २०२१ मध्ये. लकडी पुलावरून मेट्रोचा मार्ग जात होता. त्याच्या उंचीमुळे विसर्जन मिरवणुकीतील उंच रथ अडतील, असा आक्षेप गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांनी घेतला आणि सप्टेंबरमध्ये काम थांबले. पुढे ते पूर्ण झाले. १ ऑगस्ट २०२३ पासून त्या मार्गावर मेट्रो धावू लागली. मेट्रोही हवी होती आणि मिरवणूकही. पण पुलावरून काय काय जाते, ही चर्चा आराखड्याच्या वेळी मिटण्याऐवजी काम सुरू असताना पेटली.

१३/ आता पुन्हा वारीच्या वाटेवर. वाल्हे सोडल्यावर नीरा लागते. ही पुणे आणि सातारा जिल्ह्यांची सीमा. येथे माउलींच्या पादुकांना दत्त घाटावर नीरास्नान घातले जाते आणि मग पालखी लोणंदकडे निघते. याच नदीवर खाली सराटीला तुकाराम महाराजांच्या पादुकांचे स्नान होते आणि पालखी अकलूजमध्ये येते. अकलूज आणि नातेपुते दोन्ही माळशिरस तालुक्यातली. म्हणजे दोन्ही पालख्या या तालुक्यात येतात त्या नीरेच्या पाण्याला स्पर्श करूनच.

१४/ नीरेकाठी पूल आणि घाट एकमेकांना पूरक ठरतात. पूल पैलतीरी नेतो, घाट पाण्यापर्यंत उतरवतो. एक नसेल तर दुसरा अपुरा. खाजू पुलाने जे एकाच बांधकामात साधले, ते येथे दोन रचनांच्या शेजारातून साधले गेले.

१५/ हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली : दिवेघाट ते मोहोळ सुमारे २२१ किलोमीटर आणि पाटस ते तोंडले-बोंडले सुमारे १३० किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथांची तरतूद जाहीर करण्यात आली. चालणारा माणूस महामार्गाच्या आराखड्यात आला, ही मोठी गोष्ट होय.

१६/ पण वारकरी केवळ चालत नाही. तो थांबतो, नदीला हात जोडतो, टाळ धरतो, मागच्या दिंडीची वाट पाहतो. पुलावर रुंद कडा, सावली, बसायला कट्टा आणि पाण्याकडे उतरणारी पायवाट असेल, तर वर्षातील एका दिवसासाठी केलेली सोय उरलेल्या दिवसांत गावाची संध्याकाळची जागा होते. तसे नसेल, तर तोच पूल केवळ वेगाने मागे टाकायचा काँक्रीटचा पट्टा उरतो.

१७/ लकडी पुलाला अर्थ दिला तो पावलांनी, फिट्झजेराल्ड पुलाला शिल्पाने आणि नीरेकाठच्या पुलाला शेजारच्या घाटाने. पूल किती भार पेलेल, हे अभियंता मोजतोच. त्यावर कोण थांबेल, हेही आराखड्याच्या पहिल्याच कागदावर लिहिले जावे, एवढेच हा इतिहास सांगतो. तुमच्या गावच्या पुलावर लोक कुठे थांबतात? एकदा निरखून पाहा. तेथेच त्या पुलाचा इतिहास सुरू होतो.