पाद्री, बंदुका आणि बटाटे

नाताळ म्हटला की आपल्याकडे थंडी आठवते. इथे न्यूझीलंडमध्ये तो ऐन उन्हाळ्यात येतो आणि अख्खा देश समुद्रकिनाऱ्यावर जाऊन पडतो. गेल्या नाताळात आम्हीही गाडी काढली आणि उत्तरेला बे ऑफ आयलंड्सला गेलो. तिथे ओइही नावाची छोटी खाडी आहे. गाडी वर लावून टेकडी उतरत चालत जावे लागते. खाली एक दगडी क्रूस उभा आहे. २५ डिसेंबर १८१४ रोजी सॅम्युअल मार्सडन या पाद्र्याने इथे जे प्रवचन केले, ते न्यूझीलंडमधले पहिले ख्रिस्ती प्रवचन म्हणून ओळखले जाते.

परत वर चढताना धाप लागली आणि एक प्रश्न पडला. एवढ्या उतारावर ही माणसे पिकवत काय होती? खात काय होती? घरी येऊन वाचत बसलो, तर पुढची सगळी गोष्ट या एका प्रश्नातूनच निघाली!

मार्सडन हा सिडनीजवळच्या पॅरामाटाचा सरकारी धर्मोपदेशक. शिवाय न्यायाधीश, आणि मोठा मेंढ्यावालाही. त्याचे म्हणणे असे, की माओरींना आधी कसब शिकवा, मग बायबल. म्हणून चर्च मिशनरी सोसायटीने (हीच संस्था आपल्या नाशिकलाही होती) पाठवली ती माणसे म्हणजे एक सुतार, एक चांभारकाम आणि दोर वळण्याचे काम जाणणारा, आणि एक शाळामास्तर. न्गापुही जमातीचा सरदार रुआतारा यांचा पाठीराखा होता. १८१५ च्या फेब्रुवारीत २०० एकर जमीन १२ कुऱ्हाडींच्या बदल्यात मिळाली. मार्सडन परत गेला आणि काही दिवसांतच रुआतारा वारला.

आता बघा. जमीन उताराची आणि नापीक. घरात लहान मुले. जहाज येईल तेव्हा सिडनीहून सामान. म्हणजे रोजचे बटाटे आणि डुकराचे मांस माओरींकडूनच घ्यायला हवे. सुरुवातीला कुऱ्हाडी, गळ, कुदळी देऊन भागले. पण तेवढ्यात देवमाशांची शिकार करणारी जहाजे यायला लागली आणि ती बटाट्याच्या बदल्यात बंदुका देऊ लागली. मग कुदळ कोण घेतो? सोसायटीचा आणि मार्सडनचा शस्त्रविक्रीला विरोध होता, पण तो कागदावर. इथे रात्रीच्या जेवणाचा प्रश्न होता. बहुतेकांचे हात त्या व्यापारात थोडेफार गुंतलेच.

सगळ्यात पुढे गेला तो शाळामास्तर, थॉमस केंडल. माणूस हुशार. माओरी भाषेतले पहिले पुस्तक १८१५ मध्ये त्याने काढले. १८२० मध्ये तो परवानगी न घेता होंगी हिका या सरदाराला घेऊन इंग्लंडला गेला. केंब्रिजच्या प्राध्यापक सॅम्युअल ली यांच्याबरोबर माओरीचे व्याकरण झाले, होंगी राजा चौथ्या जॉर्जला भेटला, केंडलला पाद्रीपद मिळाले. परतताना होंगीने मिळालेल्या भेटवस्तू सिडनीत मोडून बंदुका गोळा केल्या. पुढे त्या बंदुका कुठे चालल्या ते सांगायला नको. आज जिथे ऑकलंड आहे तिथपर्यंत होंगीच्या स्वाऱ्या झाल्या. त्या काळातल्या बंदुकांच्या लढायांत एकूण २०,००० च्या आसपास माणसे मेली असा एक अंदाज सांगतात.

केंडल पुढे एका तोहुंगाच्या, म्हणजे माओरी पुरोहिताच्या मुलीबरोबर राहू लागला. १८२२ मध्ये सोसायटीने त्याला काढले. लोक त्याची गोष्ट सांगताना या मुलीपासून सुरुवात करतात. मला ते पटत नाही. ती गोष्टीची शेवटची पायरी. पहिली पायरी बटाट्याची होती.

आमच्या प्रयोगशाळेत दाब मोजणारी उपकरणे असतात. एखादे एकदम बंद पडले तर परवडते, लगेच कळते. महिन्याला केसभर सरकणारे उपकरण मात्र घात करते, कारण त्याचा आजचा आकडा कालच्यासारखाच दिसतो. बाहेरून प्रमाण आणून ताडल्याशिवाय चूक सापडत नाही.

तसा बाहेरचा माणूस १८२३ मध्ये आला. हेन्री विल्यम्स, आरमारातला माजी अधिकारी. पाइहियाला राहिला आणि बंदुकांचा व्यापार बंद म्हणाला. हे मार्सडनही म्हणतच होता. फरक असा की विल्यम्सने उपदेशावर न थांबता किनाऱ्यावर जहाज बांधायला घेतले! 'हेरल्ड' नावाचे ५५ टनांचे दोन डोलकाठ्यांचे गलबत जानेवारी १८२६ मध्ये पाण्यात उतरले. आता सिडनीहून आणि दूरच्या किनाऱ्यांवरून धान्यसामान आणता येऊ लागले. शेजारचा सरदार बंदूक मागतो म्हणून उपाशी राहायची वेळ टळली आणि 'नाही' म्हणणे परवडू लागले. गलबत १८२८ मध्ये होकियांगाला फुटले, पण तोवर मिशनची सवय मोडली होती.

यावरून आपले रेव्हरंड टिळक आठवतात. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. ताटात काय येते आणि कुठून येते, हे दोघांनीही आधी पाहिले.

पण गोष्ट इथे संपत नाही. विल्यम्सला ११ मुले. पाद्र्याच्या मुलांनी या देशात करायचे काय? १८३० च्या दशकात त्याने पाकाराका इथे माओरींकडून सुमारे ११,००० एकर जमीन घेतली, मुलांसाठी. बंदुकांना अडवणारा माणूस जमीनदार झाला, तोही स्वतःच्या नजरेत काहीही न बदलता. १८४० मध्ये वैतांगीचा तह माओरीत उतरवला तोही यानेच, म्हणजे माओरींचा त्याच्यावर विश्वास होता. सरकारी आयोगानेही त्याने पुरेसा मोबदला दिल्याचे मान्य केले. पण गव्हर्नर जॉर्ज ग्रे याने १८४६ मध्ये लंडनला लिहिले, की मिशनऱ्यांचे हे दावे राखायचे तर इंग्रज रक्त आणि पैसा सांडावा लागेल. विल्यम्स म्हणाला, आरोप सिद्ध करा नाहीतर मागे घ्या, त्याशिवाय जमीन सोडणार नाही. १८४९ मध्ये सोसायटीने त्यालाही काढून टाकले.

मला ग्रेपेक्षा विल्यम्स जवळचा वाटतो. मी पीएचडी झाली की दोन वर्षांत परत येतो असे आईला सांगून निघालो होतो. मग नोकरी, मग मुलीची शाळा, मग घराचे कर्ज. यातले एकही पाऊल चुकीचे होते असे आजही म्हणवत नाही, आणि आईने विचारणे केव्हाच सोडले आहे. असो.

१८५४ मध्ये सोसायटीने विल्यम्सला परत घेतले. शब्द टाकणाऱ्यांत खुद्द ग्रेही होता, आणि तेव्हा विरोधात गेलेला बिशप सेल्विनही. विल्यम्स मात्र पाइहियाला परतला नाही. पाकाराकाच्या त्याच जमिनीवर राहिला, शेवटपर्यंत प्रवचने केली आणि १८६७ मध्ये तिथेच वारला. परतीच्या वाटेवर आम्ही तिथे थांबलो. त्याची कबर आहे, शेजारी लाकडी चर्च आहे, आणि भोवती सपाट, हिरवी, काळजात भरेल अशी जमीन. ओइहीसारखी नाही.