सेंट जेम्स
सेंट जेम्स : त्रिनिदाद व टोबॅगोची राजधानी पोर्ट ऑफ स्पेनचे पश्चिमेकडील उपनगर. पूर्वी येथे ‘पेरू’ नावाचा उसाचा मळा होता. त्याच्या जमिनीवर गिरमिटिया भारतीयांची वस्ती वाढली व १९३८ मध्ये ती शहराच्या हद्दीत आली. वेस्टर्न मेन रोड हा मुख्य रस्ता. खाण्यापिण्याच्या ठेल्यांमुळे तो रात्री उशिरापर्यंत जागा असतो. ब्रिटिश पलटणीच्या जुन्या बराकी पुढे पोलीस प्रशिक्षणासाठी वापरात आल्या.

रस्त्यांची नावे : अभ्यासकाने थांबावे ते येथे. आग्रा, बनारस, कलकत्ता, दिल्ली, लखनौ, मद्रास, पाटणा, हैदराबाद, निजाम, कंदाहार, गंगा अशी नावे येथील गल्ल्यांना आहेत. त्यांत बॉम्बे स्ट्रीटही आहे. मात्र त्यावरून येथे मराठी वस्ती होती असे अनुमान काढू नये. १८४५ ते १९१७ या काळात त्रिनिदादला सुमारे १,४४,००० भारतीय मजूर गेले, ते मुख्यतः कलकत्ता व काही प्रमाणात मद्रास बंदरातून. नेपाळ स्ट्रीटवरील २६ क्रमांकाचे घर पत्रकार सीपरसाद नायपॉल यांनी १९४६ मध्ये घेतले. त्यांचे पुत्र व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ (१९६१) या कादंबरीत ते सिक्कीम स्ट्रीटवर अवतरते. शेजारचा मुलूख, बदललेले नाव. मूळ पत्ता लपवण्याचा फारसा खटाटोप लेखकाने केलेला दिसत नाही.

होसे : मोहरमचे स्थानिक नाव, ‘हुसेन’ या घोषावरून आलेले. ताबूत निरनिराळ्या ‘यार्डां’त, म्हणजे वाड्यांच्या अंगणांत, कित्येक आठवडे खपून बांधतात. आधी निशाणांची रात्र, मग लहान ताबुतांची व त्यानंतर मोठ्या ताबुतांची. मोठ्या ताबुतांसोबत लाल व हिरव्या रंगांचे दोन प्रचंड चंद्रकोरी सांगाडे निघतात. लाल हुसेनचा, हिरवा हसनचा. एकेकटा गडी तो खांद्यावर पेलून नाचवतो, दमला की दुसरा खांदा देतो. साथीला ‘तासा’. हा आपलाच ताशा; पण भांडे मातीचे असते व कातडे ताणण्यासाठी ते आगटीवर शेकतात. ढोलाला ‘बास’ म्हणतात, झांजांना ‘झाल’. अखेरीस ताबूत समुद्रात विसर्जित होतात. हिंदू व आफ्रिकी वंशाचे लोकही यात भाग घेतात. काही मुस्लिमांना या सणाचे हे रूप मान्य नाही. १८८४ मध्ये दक्षिणेकडील सॅन फर्नांडो येथे बंदी झुगारून निघालेल्या मिरवणुकांवर गोळीबार झाला. मृतांच्या आकड्यांत तफावत आढळते.

क्रीडा : जवळच्या मुकुरापो भागातील स्टेडियमला १९७६ च्या ऑलिंपिकमधील १०० मीटर धावण्याचा विजेता हेझली क्रॉफर्डचे नाव आहे. पूर्वेस जवळच क्वीन्स पार्क ओव्हल; १९७१ मध्ये सुनील गावसकरांचे कसोटी पदार्पण तेथे झाले.

राजकारण : १९९० मध्ये देशात सरकारविरुद्ध फसलेला उठाव करणाऱ्या संघटनेचे ठाणे मुकुरापो रोडवर होते.

हवामान : उष्ण, दमट, पावसाळा साधारणतः जून ते डिसेंबर.