लॅम्प फेलोशिप

लॅम्प फेलोशिप : खासदारांना संसदीय कामात मदत करण्यासाठी तरुण पदवीधरांना दिली जाणारी पूर्णवेळ पाठ्यवृत्ती. ‘लेजिस्लेटिव्ह असिस्टंट्स टू मेंबर्स ऑफ पार्लमेंट’ या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांवरून लॅम्प हे नाव रुळले. नवी दिल्लीतील पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था २०१० पासून ती चालवते. निवडलेला फेलो पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशन संपेपर्यंत, म्हणजे सुमारे दहा-अकरा महिने, एकाच खासदाराबरोबर काम करतो. पदवी कोणत्याही शाखेची चालते. वयाची मर्यादा २५ वर्षांची आहे. खासदार दोन्ही सभागृहांतले आणि सर्व पक्षांचे असतात.

ही गरज का निर्माण झाली हे समजण्यासाठी खासदाराच्या कार्यालयात डोकवायला हवे. लोकसभेच्या एका मतदारसंघात आज सरासरी पंचवीस लाख माणसे राहतात. खासदाराच्या स्वीय सहायकाचा दिवस शिफारसपत्रे, रेल्वे आरक्षणाच्या विनंत्या, रुग्णालयातली भरती, खासदार निधीतली कामे आणि भेटीला आलेल्यांची सरबराई यांतच सरतो. २०१८ मध्ये खासदारांचा कार्यालयीन भत्ता दरमहा ६०,००० रुपये झाला आणि त्यातले ४०,००० रुपये मदतनिसांसाठी राखले गेले. एवढ्या रकमेत दिल्ली आणि मतदारसंघ अशी दोन्ही ठिकाणची कार्यालये चालवायची, तर कायद्याचा मसुदा वाचून त्यातली खोच दाखवणारा अभ्यासू माणूस परवडणे कठीण होते. अमेरिकेत प्रतिनिधिगृहाच्या प्रत्येक सदस्याला १८ जणांपर्यंत कायम कर्मचारी सरकारी खर्चाने नेमता येतात. तिथल्या राज्यशास्त्राच्या संघटनेने काँग्रेसमध्ये काम करण्यासाठीची फेलोशिप १९५३ मध्येच सुरू केली. आपल्याकडे संसदेचे ग्रंथालय आणि संशोधन विभाग आहे, १९७६ पासून संसदीय प्रशिक्षणाची स्वतंत्र व्यवस्थाही आहे. पण ती सगळ्या सदस्यांची सामायिक सोय झाली. एका खासदाराच्या शेजारी बसून त्याच्या भाषणाची तयारी करून देणारे कोणी त्या व्यवस्थेत नव्हते.

मदतनीस नसतानाही संसद गाजवणारे खासदार होऊन गेले. मुंगेर आणि बांका या बिहारमधल्या मतदारसंघांतून निवडून येणारे पुण्याचे मधू लिमये यांनी नियमावलीच्या बळावर सरकारला वेळोवेळी कोंडीत पकडले. राजापूरचे बॅरिस्टर नाथ पै यांनी गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर, १९६७ मध्ये, मूलभूत हक्कांसह राज्यघटनेचा कोणताही भाग दुरुस्त करण्याचा संसदेचा अधिकार सांगणारे विधेयक एकट्याच्या नावावर मांडले आणि देशभर चर्चा घडवून आणली. परंतु ती माणसे अपवादात्मक होती, आणि तेव्हाच्या कायद्यांचा पसाराही आजच्याएवढा नव्हता. दूरसंचार, विदा संरक्षण, दिवाळखोरी, वस्तू व सेवा कर अशा विषयांची विधेयके एकाच अधिवेशनात येतात, तेव्हा कोणत्याही एका माणसाचे वाचन अपुरेच पडते.

पीआरएस ही संस्था २००५ मध्ये सी. व्ही. मधुकर आणि एम. आर. माधवन यांच्या पुढाकाराने सुरू झाली. प्रत्येक विधेयकाचे दोन-चार पानी, पक्षनिरपेक्ष टिपण काढून ते खासदारांपर्यंत पोचवणे हे तिचे मूळ काम. कागदावरच्या टिपणाला प्रश्न विचारता येत नाहीत. त्यासाठी माणूसच हवा. लॅम्पचा जन्म या उणिवेतून झाला. अर्जासोबत निबंध, मग मुलाखत, मग संसदीय कामकाज, अर्थसंकल्प आणि धोरणे यांचे सुरुवातीचे प्रशिक्षण, अशी निवडीची आणि तयारीची वाट आहे. दरवर्षी साधारण चाळीस-पन्नास फेलो घेतले जातात. दरमहा वीस हजारांच्या थोडे वर विद्यावेतन मिळते.

फेलोच्या कामाचा मोठा भाग प्रश्न लिहिण्यात जातो. बाहेरून सोपे दिसणारे हे काम खरे तर कौशल्याचे आहे. समजा, मराठवाड्यातल्या एखाद्या खासदाराकडे पीकविम्याची भरपाई न मिळाल्याच्या तक्रारींचा ढीग साचला आहे. ‘शेतकऱ्यांना विम्याचे पैसे वेळेवर मिळावेत म्हणून सरकार पावले उचलत आहे काय?’ असा प्रश्न धाडला, तर ‘होय’ एवढेच उत्तर आणि खाली योजनेची दोन पाने माहिती पदरी पडते. जाणकार फेलो आधी योजनेची मार्गदर्शक तत्त्वे वाचतो. भरपाई रखडली तर विमा कंपनीवर १२ टक्के व्याज आकारण्याची तरतूद २०१८ च्या सुधारणेत आली, हे त्याच्या ध्यानात येते. राज्याने हप्त्यातला आपला वाटा उशिरा दिला, की भरपाईही मागे पडते हेही त्याला कळते. मग प्रश्न असा उतरतो : अमुक खरिपात महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्यात किती दावे आले, किती मंजूर झाले, किती रक्कम थकली आहे, राज्याचा वाटा कोणत्या तारखेला जमा झाला, आणि विलंबाबद्दल कोणत्या कंपनीकडून किती व्याज वसूल केले? या प्रश्नाला नुसत्या ‘होय’ने उत्तर देता येत नाही. जिल्हावार तक्ता सभागृहाच्या पटलावर ठेवावा लागतो. तो कायमच्या नोंदीत जातो, गावच्या पत्रकाराच्या हाती लागतो.

लोकसभेच्या नियमांनुसार प्रश्न १५० शब्दांत बसवावा लागतो. त्यात युक्तिवाद, अनुमान, उपरोध किंवा कोणावर आरोप चालत नाही. किमान १५ पूर्ण दिवस आधी सूचना द्यावी लागते, आणि कोणाचा प्रश्न वर लागणार हे सोडतीने ठरते. तोंडी उत्तराचे तारांकित प्रश्न दिवसाला २० घेतले जातात आणि लेखी उत्तराचे अतारांकित २३०. एका सदस्याच्या नावावर एका दिवशी एकच तारांकित प्रश्न येऊ शकतो. प्रश्नोत्तरांच्या तासात त्या विसांपैकी जेमतेम पाच-सहा प्रश्नच प्रत्यक्ष चर्चेला येतात. त्यामुळे प्रश्न लागलाच, तर मंत्र्यांच्या उत्तरावर विचारायचे पुरवणी प्रश्न आदल्या रात्री तयार ठेवणे हीही फेलोचीच जबाबदारी. माझ्या मते संपूर्ण फेलोशिपमधला सर्वांत मोलाचा भाग हाच. भाषण विरून जाते. उत्तरातला आकडा मात्र सरकारच्या सहीनिशी राहतो आणि पुढे वर्षानुवर्षे कामी येतो.

विधेयकांच्या बाबतीत फेलोला वेळेशी झगडावे लागते. विधेयक मांडण्याच्या किमान दोन दिवस आधी त्याची प्रत सदस्यांना मिळावी, असा लोकसभाध्यक्षांचा निर्देश आहे. मात्र त्यातून सूट देण्याची मुभाही आहे. ५ ऑगस्ट २०१९ रोजी जम्मू-काश्मीर पुनर्रचनेचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले आणि त्याच दिवशी मंजूर झाले. अशा वेळी मूळ कायदा, प्रस्तावित बदल, न्यायालयांचे निकाल आणि दोन्ही बाजूंचे मुद्दे काही तासांत टिपणात आणावे लागतात. विभागसंलग्न स्थायी समित्या १९९३ पासून आहेत आणि आज त्यांची संख्या २४ आहे. तिथे विधेयक गेले, की तज्ज्ञांच्या साक्षी होतात, बारकाईने वाचन होते, फेलोलाही अभ्यासाला आठवडे मिळतात. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले. ही घसरण भारतीय संसदेची गंभीर दुखापत आहे. तिच्यावर इलाज करणे कोणत्याही फेलोच्या हातात नाही. तो फार तर आपल्या खासदाराच्या वाट्याला आलेल्या मिनिटांत हरवलेली छाननी थोडीफार भरून काढू शकतो.

खासगी सदस्यांच्या विधेयकांसाठी शुक्रवारी दुपारचे अडीच तास असतात. १९७० नंतर असे एकही विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झालेले नाही, आणि स्वातंत्र्यापासून तशी उणीपुरी १४ विधेयके झाली. तरीही ती लिहिण्यात खासदारांना आणि फेलोंना रस असतो, तो योग्यच आहे. द्रमुकचे तिरुची शिवा यांचे तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचे विधेयक २४ एप्रिल २०१५ रोजी राज्यसभेत एकमताने मंजूर झाले. लोकसभेत ते अडले, पण सरकारला स्वतःचा कायदा आणणे भाग पडले आणि तो २०१९ मध्ये झाला. २०१८ च्या अखेरीस बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर कार्यालयाचे फोन न घेण्याच्या हक्काचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही, पण तो विषय नोकरदारांच्या घराघरांत बोलला गेला. मंजुरीची आशा नसतानाही मसुदा कलमवार, व्याख्यांसह, खर्चाच्या निवेदनासह नीट लिहावा लागतो. कायदा कसा घडतो हे विशीतल्या मुलाला शिकवणारी याहून चांगली शाळा नाही.

फेलोच्या नावाची नोंद कुठेच होत नाही. कामकाजाच्या इतिवृत्तात खासदाराचेच नाव येते, आणि यायलाही हवे. मतदारांना जबाबदार तोच आहे. निवडून न आलेल्या तरुणाने लिहिलेले शब्द लोकप्रतिनिधीच्या तोंडी असावेत का, असा आक्षेप काही जण घेतात. तो टिकणारा नाही, कारण काय बोलायचे याचा निर्णय खासदाराचाच राहतो. फेलोने दोन्ही बाजू पुढे ठेवायच्या, स्वतःचे मत विचारले तर सांगायचे. खरी अडचण वेगळीच आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. तेव्हापासून पक्षादेश मोडून मत दिले तर सदस्यत्व जाऊ शकते. भाषणाची वेळही पक्षाच्या संख्याबळावर वाटली जाते. फेलोचे टिपण वाचून एखाद्या खासदाराला विधेयकातले कलम चुकीचे वाटले, तरी मत मात्र पक्ष सांगेल तिकडेच द्यावे लागते. अभ्यासाचे पाठबळ देणे आणि अभ्यासाप्रमाणे वागण्याची मोकळीक देणे या दोन्ही गोष्टी बरोबरीने व्हायला हव्यात. पहिली एका संस्थेने केली. दुसरी करण्याचा अधिकार खुद्द संसदेचा आहे.

आणखी एक उणीव प्रवेशाच्या दारातच आहे. विधेयके, समित्यांचे अहवाल, महालेखापरीक्षकांचे अहवाल इंग्रजी आणि हिंदीत निघतात. अर्जाच्या निबंधापासूनच इंग्रजी लिखाणाची सवय असावी लागते. आणि दिल्लीतले घरभाडे भरून विद्यावेतनात फार काही उरत नाही. ज्यांच्या घरून पैसे पाठवणे शक्य आहे त्यांनाच हे वर्ष सहज झेपते. लातूर, गडचिरोली किंवा सावंतवाडीच्या महाविद्यालयातून राज्यशास्त्र शिकलेली मुलगी पीकविम्याच्या किंवा वनहक्काच्या प्रश्नात दिल्लीच्या मुलापेक्षा कितीतरी अधिक मुरलेली असते. तिला हे दार खुले असले पाहिजे, आणि त्यासाठी भाषेची व निवासाची वेगळी सोय करणे अवघड नाही.

लॅम्पनंतर अशा योजनांची रांग लागली. केंद्राने २०१२ मध्ये मागास जिल्ह्यांसाठी पंतप्रधान ग्रामविकास फेलोशिप सुरू केली. महाराष्ट्राची मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ मध्ये आली. त्याच वर्षी मूळच्या चिपळूणच्या, तेव्हाच्या लोकसभाध्यक्ष सुमित्रा महाजन यांनी खासदारांना विषयतज्ज्ञांशी जोडून देणारा संशोधन उपक्रम संसदेत सुरू केला. पण पहिल्या दोन्ही योजनांतल्या तरुणांचे काम प्रशासनाबरोबरचे होते. सरकारला मदत करणारे हात वाढले; सरकारला जाब विचारणाऱ्यांच्या मदतीला त्या मानाने फार थोडे आले.

राज्यांत तर ही तूट अधिकच जाणवते. जमीन, पोलीस, शेती, सार्वजनिक आरोग्य, ग्रामपंचायती आणि महापालिका हे माणसाच्या रोजच्या जगण्याचे विषय घटनेने राज्यांकडे दिले आहेत. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आणि परिषदेत ७८ सदस्य आहेत. विधानभवनात वि. स. पागे संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा विद्यापीठांतल्या राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग भरवते. लक्षवेधी सूचना म्हणजे काय, तारांकित प्रश्न कसा लागतो हे तिथे शिकलेले अनेक विद्यार्थी पुढे प्राध्यापक आणि पत्रकार झाले. मात्र काही दिवसांचा वर्ग आणि एका आमदाराबरोबर वर्षभराचे काम यांत फार अंतर आहे. अभ्यासवर्गाची ही परंपरा आहेच. तिला जोडून आमदारांसाठी, मराठीतून चालणारी आणि विधिमंडळाच्या स्वतःच्या खर्चाची फेलोशिप महाराष्ट्राने आता सुरू करावी.